रातकिड्याच्या पुडीचं थालीपीठ: ग्राहकचाचणीची प्रश्नावली तपासून हवी आहे

तिसरी_चाळण

अन्नतंत्रज्ञानाच्या प्रकल्पासाठी थालिपिठाच्या भाजणीत रातकिड्याची पूड घालून ग्राहकचाचणी घ्यायची आहे. ठिकाण पुणे, माणसं १००. नमुने चार: ०, ५, १० आणि १५ टक्के पूड. पूड पाळीव रातकिड्यांची, सबंध किडा वाळवून दळलेली. पाकिटावर प्रथिने ६० टक्के असं छापलं आहे.

प्रश्नावलीचा कच्चा खर्डा असा:

१. तुम्ही किडे खाल का? (हो / नाही / सांगता येत नाही)
२. किडे खाण्याची तुम्हाला किळस वाटते का? (१ ते ५)
३. चव कशी वाटली? (उत्तम / चांगली / बरी / वाईट)
४. बाजारात मिळालं तर विकत घ्याल का?

यात काय चुकतंय ते स्पष्ट सांगा. नमुन्यांचं प्रमाण, पीठ मळणं, वाटप यातल्या खाचाखोचाही हव्या आहेत.

---

मोजूनमापून

पहिला प्रश्न काढून टाका. मराठीत ‘किडा’ म्हणजे निव्वळ प्राणी नव्हे, ते खराब अन्नाचंही नाव आहे. तांदळाला कीड लागते, वांगं किडकं निघतं, दात किडतो. ‘किडे खाल का’ असं विचारलंत की समोरच्याच्या डोळ्यांपुढे पोरकिडे झालेला डबा येतो. तुम्हाला नवं अन्न मोजायचं आहे आणि तुम्ही नासलेलं अन्न मोजताय.

‘खाल का’ हे क्रियापदही निसरडं आहे. ‘खाऊन बघीन’ आणि ‘खाईन’ यांतलं अंतर मोजणं हेच या प्रकल्पाचं खरं काम. युरोपातल्या सर्वेक्षणांचा घोळ इथेच होतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या बेल्जियमच्या एका अभ्यासात मांसाहारींपैकी साधारण पाचातला एक जण मांसाऐवजी कीटक खायला तयार आहे असं म्हणाला, त्यातही पुरुष जास्त. ही तयारी कागदावरची. दुकानात तेवढी गिऱ्हाईकं ते पाकीट उचलत नाहीत.

म्हणून एका प्रश्नाऐवजी पायऱ्या ठेवा आणि प्रत्येकीला वेगळं हो/नाही घ्या:

– एक घास खाऊन बघीन
– पूर्ण थालीपीठ खाईन
– दुसऱ्यांदा मागून घेईन
– पैसे देऊन घरी आणीन
– घरच्यांना सांगून वाढीन
– मुलाच्या डब्यात देईन

पहिल्या पायरीवर गर्दी असणार, शेवटच्या दोनवर ती ओसरणार. कुठल्या पायरीवर किती माणसं गळली हा तुमचा निष्कर्ष.

तिसऱ्या प्रश्नातला ‘बरी’ हा पर्याय घातक आहे. आपल्याकडे जेवायला बसलेला माणूस ‘बरं आहे’ म्हणतो तेव्हा त्याला दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नसतं, पण यजमानाचं मनही मोडवत नाही. नऊ अंशांची आवड-नावड पट्टी वापरा, दोन्ही बाजू सारख्या: अत्यंत आवडलं, खूप, बऱ्यापैकी, किंचित आवडलं, मध्ये ‘आवडलं नाही, नावडलंही नाही’, खाली त्याच चार पायऱ्यांनी नावडलं. तोंडी विचारू नका, कागदावर खूण करू द्या. समोर स्वयंसेवक उभा असेल तर आकडे फुगतात.

---

पाटा_वरवंटा

स्वैपाकाच्या बाजूने.

१५ टक्के सोडून द्या. त्या प्रमाणात भाजणीचा धने-जिऱ्याचा वास मागे पडतो आणि सुक्या जवळ्याच्या जवळ जाणारा, किंचित मातकट वास पुढे येतो. थालीपीठ मोडतंही. भाजणीत ग्लूटेन नावालाच, जे काही बांधून ठेवतं ते डाळी आणि तांदळाचं पीठ. पुडीचं प्रमाण वाढलं की कडा फाटायला लागतात. ०, ५, १० हे तीन नमुने पुरेत.

पूड भाजणीत मिसळण्याआधी मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या. वर पाय आणि पंखांचे तुकडे उरतील, ते पुन्हा दळा. फेकलेत तर प्रमाण बदलतं. राहिलेले बारीक काळे ठिपके भाजणीत लपतात, कारण हरभऱ्याची नि उडदाची सालं तशीच दिसतात. हीच पूड मैद्याच्या बिस्किटात घातलीत तर प्रत्येक ठिपका माणूस बोटाने दाखवेल.

पाणी: कोरडी पूड आधी पाणी ओढत नाही, पाचेक मिनिटांनी ओढते. मळताना सैल वाटलं म्हणून पीठ वाढवाल आणि थापताना गोळा घट्ट होईल. दहा टक्क्यांच्या पिठात पाणी थोडं जास्त घालून दहा मिनिटं झाकून ठेवा, मग थापा. आणि ती दहा मिनिटं म्हणजे दहाच. भिजवलेलं पीठ तीन-चार तास ओट्यावर ठेवू नका. वाळवतानाच्या उष्णतेने बरेच जिवाणू मरतात पण त्यांचे बीजाणू तग धरतात, ओलावा आणि ऊब मिळाली की जागे होतात. जेवढं लागेल तेवढं भिजवायचं.

तवा मध्यम आचेवर. प्रथिनं जास्त म्हणून रंग लवकर चढतो. तिन्ही नमुन्यांना सारखा वेळ दिलात तर १० टक्क्यांचं करपट लागेल आणि दोष किड्याच्या माथी जाईल. वेळ नव्हे, रंग बघून काढा.

कुणी चकली सुचवायच्या आत सांगतो. सबंध किड्याच्या पुडीत साधारण पाचवा हिस्सा चरबी असते. अर्धा किलो भाजणीत ५० ग्रॅम पूड म्हणजे दहा ग्रॅम तेल आपोआप आत गेलं. नेहमीएवढं मोहन घातलंत तर चकली कढईत विरघळते.

---

जवळा_सुका

अहो, जवळ्याचा वास म्हणालात ते अगदी खरं. माझा मुद्दाच तो आहे. चौथा नमुना हवा असेल तर १० टक्के भाजलेल्या सुक्या जवळ्याची पूड घातलेलं थालीपीठ ठेवा. जवळा डोळ्यांसकट, पायांसकट सबंध खातात, कवच त्याच कायटिन नावाच्या पदार्थाचं, वास जवळचा. रातकिड्याची पूड आणि जवळ्याची पूड यांना जिभेवर सारखे गुण पडले आणि घरी नेताना एकाला हो, दुसऱ्याला नाही आलं, तर अडचण जिभेची नाही हे सिद्ध झालं.

कोळंबी सोलून खाणारे शंभर निघतील, त्यांतल्या किती जणांना ती रातकिड्याची लांबची नातलग आहे हे सांगितलेलं चालेल हा वेगळा धागा.

---

मोजूनमापून

जवळ्याची कल्पना फार चांगली. पण मग शाकाहारी माणसं बाद होतील. बाद होऊ दे, पण ते लिहा.

---

लेबलवाचक

चाचणीआधी तीन गोष्टी.

एक, ॲलर्जी. कोळंबी, खेकडा, शेवंड, जवळा यांची ॲलर्जी असलेल्यांना आणि घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म कोळ्यांची ॲलर्जी असलेल्यांना बसू देऊ नका. ट्रोपोमायोसिन नावाचं स्नायूतलं प्रथिन या सगळ्यांत जवळपास सारखं असतं आणि तव्यावर भाजून ते निकामी होत नाही. युरोपीय संघात कीटकांच्या पाकिटावर कवचधारी प्राणी आणि धुळीतले कोळी अशी दोन्ही नावं घेऊन इशारा छापावा लागतो. ज्याने आयुष्यात कोळंबी खाल्ली नाही त्याला आपली ॲलर्जी ठाऊकच नसते, म्हणून शाकाहाऱ्यांच्या बाबतीत जास्त सांभाळा. पहिला घास नखाएवढा, खाल्ल्यावर अर्धा तास बसवून ठेवणं, डॉक्टर हाकेच्या अंतरावर.

दोन, न सांगता खाऊ घालणं पूर्ण वर्ज्य. ‘आधी खाऊ द्या, मग सांगू, गंमत होईल’ हा प्रकार संस्थेच्या नैतिकता समितीत टिकणार नाही आणि टिकूही नये. कुणाचा धर्म, कुणाचं व्रत, कुणाचा घसा.

तीन, पाकिटावरचे ६० टक्के. प्रथिनांचा आकडा नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणून काढतात. कीटकाच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो आणि तो प्रथिन म्हणून मोजला जातो. सबंध कीटकांसाठी ४.७६ हा गुणक सुचवला गेला आहे. तो लावलात तर ६० चे सुमारे ४६ होतात. प्रश्नावलीत ‘भरपूर प्रथिनं’ असं लिहून माणसांना भरीला घालणार असाल तर आधी हा हिशोब करा.

प्रकल्पापुरतं खाऊ घालणं वेगळं, विकणं वेगळं. ज्या अन्नाचं मानक आपल्या नियमावलीत नाही ते विकायला २०१७ च्या ‘नॉन-स्पेसिफाइड फूड’ नियमांखाली आधी मंजुरी लागते. तेव्हा चौथ्या प्रश्नातलं ‘बाजारात मिळालं तर’ हे सध्या हवेतलंच आहे.

---

शंकेखोर

मुळात हवंय कशाला हे? मटकी आहे, हरभरा आहे, शेंगदाणा आहे. किलोमागे प्रथिनांचा भाव काढा, रातकिडा कुठेच टिकत नाही. साहेबांनी शोधलेलं फॅड आपल्या ताटात.

---

दंडकारण्य

साहेबांनी शोधलेलं नाही हो. गडचिरोलीत भामरागडच्या बाजूला माडिया लोक लाल मुंग्यांची चटणी खातात, पलीकडे बस्तरात तिला चापडा म्हणतात, ओडिशात मयूरभंजला काई. ‘सिमिलिपाल काई चटणी’ला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या त्याच मुंग्या, कोकणात आंब्यावर चढणाऱ्याला डसतात ते ओंबील. अळीच्या रेशमाने पानं शिवून घरटं करतात.

फांदीसकट घरटं तोडायचं, पाण्याच्या भांड्यात झटकायचं. पानं, काटक्या बाजूला. मुंग्या आणि पांढरी अंडी-अळ्या वेचून पाट्यावर मीठ, मिरची, लसूण, आल्याबरोबर वाटायच्या. लिंबू, चिंच काही नाही, आंबटपणा मुंगीतल्या फॉर्मिक आम्लाचा. शहरात कुणी ‘आधुनिक’ करायला जातो आणि मुंग्या तव्यावर खरपूस भाजतो. ते आम्ल उडून जातं, हाती उरतो कोंडा. मग म्हणायचं की चव नाही.

तुमच्या विषयाशी संबंध असा. इथे मुंगी कुणी प्रथिनासाठी खात नाही. ती तोंडीलावणं आहे, भाताबरोबर बोटभर. नावडीचं कारण किळसही नाही. ‘हे लोक मुंग्या खातात’ हे वाक्य शहरी तोंडून कौतुकाने येत नाही, आणि ते ऐकत वाढलेला पोरगा पुण्यात तुमच्या चाचणीला बसला तर ‘कधी खाल्लं आहे का’ याला ‘नाही’ लिहील. तुमच्या प्रश्नावलीत त्याची नोंद ‘अनुभव नाही’ अशी होईल. लाज मोजणारा एकही प्रश्न त्यात नाही.

---

शंकेखोर

मुंगीचं मान्य. पण मुंगी जंगलातून फुकट येते. रातकिडा पाळावा लागतो, त्याला खायला धान्यच घालता ना?

---

मोजूनमापून

धान्य-पेंडच घालतात. थायलंडमध्ये १९९८ पासून रातकिडे पाळतात. सिमेंटच्या ठोकळ्यांची टाकी, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे, वर जाळी, सुमारे दीड महिन्यात पीक. खाद्य बरचसं कोंबड्यांचंच. कोंबडीपेक्षा कमी खाद्यात वाढतो, हरभऱ्यापेक्षा स्वस्त होत नाही. तुमचा भावाचा मुद्दा बरोबर आहे आणि तोच प्रश्नावलीत घाला: ‘याच किमतीत दुप्पट शेंगदाणे येतात, तरी घ्याल का?’ पर्यावरणाचं पालुपद ऐकवून मिळालेला होकार या एका वाक्यावर किती टिकतो ते बघण्यासारखं आहे.

---

तिसरी_चाळण

सगळ्यांचे आभार. १५ टक्के काढलं. दोन शंका. सगळ्यांना आधी सांगायचं तर मग नावामुळे पडणारा फरक मोजायचा कसा? आणि किळस विचारायचीच नाही का?

---

मोजूनमापून

पहिली शंका. संमतिपत्रात सगळ्यांना एकच वाक्य: ‘तीन नमुन्यांपैकी काहींत पाळीव रातकिड्यांची पूड आहे.’ हे वाचून जो बसला तो बसला. पुढे दोन गट करा. एका गटाला फक्त तीन अंकी आकडे दिसतील, ४१७, ८६२, २३९. दुसऱ्याला आकड्याखाली खरी पाटी दिसेल: ‘रातकिड्याची पूड नाही’, ‘५ टक्के’, ‘१० टक्के’. फसवणूक कुठेच नाही. दोन गटांतल्या गुणांचा फरक म्हणजे पाटीचा परिणाम.

आकडे १, २, ३ किंवा क, ख, ग देऊ नका. पहिल्याला लोक उगाच चांगलं म्हणतात.

तीन नमुन्यांचे क्रम सहा होतात. सहाही क्रम सारख्या वेळा यायला हवेत, म्हणून माणसं १०० नकोत, ९६ घ्या. ४८ आणि ४८, प्रत्येक गटात एकेक क्रम आठ वेळा. एका थालिपिठाला ६० ग्रॅम पीठ, एकाचे चार तुकडे. एका नमुन्याची २४ थालीपिठं, वर सहा मोडतोडीला. म्हणजे नमुन्यामागे १८०० ग्रॅम पीठ. पूड लागेल ९० अधिक १८० ग्रॅम, चाळणं-सांडणं धरून ३५० आणा. तुकडे गरमच द्या, गार झालेलं थालीपीठ कुठल्याही नमुन्याचं असो, कमीच गुण मिळवतं. मध्ये कोमट पाणी आणि साध्या साळीच्या लाह्या. लोणचं, दही, लोणी काहीही नाही. लोणी दिलंत की लोण्याला गुण पडतात.

आकडेवाल्या गटाला शेवटी विचारा: ‘पूड कशात होती असं वाटतं?’ पूड नसलेल्या नमुन्याकडे बोट दाखवणारे निघतील, ‘पाय लागला दाताखाली’ म्हणणारेही. तो उडदाच्या सालाचा तुकडा असतो. ही नोंद तुमच्या प्रबंधात सोन्यासारखी आहे.

दुसरी शंका. किळस विचारा, पण एकच खूण १ ते ५ वर नको. माणूस ताट मागे सारतो त्याची कारणं वेगवेगळी. शिसारी येते. भीती वाटते, पोट बिघडेल म्हणून. पाप वाटतं. ‘आमच्यात चालत नाही.’ लोक काय म्हणतील. शेवटच्या दोघांना किळस अजिबात नसू शकते. चव सुधारून, पूड बारीक करून शिसारी कमी होते, भीती थोडी कमी होते. ‘चालत नाही’ तसूभर हलत नाही. पाचही वेगळे विचारा. दंडकारण्य यांचा मुद्दा पाचव्यात बसतो, त्याला आणखी एक जोडा: ‘तुमच्या ओळखीत कुणी मुंग्या, अळ्या किंवा इतर कीटक खातं का?’ स्वतःबद्दल न सांगणारा ओळखीच्याबद्दल सांगतो.

नव्या अन्नाची धास्ती मोजायला दहा वाक्यांची एक प्रचलित मोजपट्टी आहे, १९९२ ची, कॅनडातली. वापरायची तर तिचं मराठी स्वतः करून थेट छापू नका. त्यातली पाच वाक्यं उलटी मोजायची असतात. शिवाय ‘मला माहीत नसेल तर मी खात नाही’ याला ‘असहमत’ असं मराठीत लिहिताना नकारावर नकार चढतो, आणि घाईतला माणूस नेमकी उलटी खूण करतो. दुसऱ्याकडून उलट भाषांतर, म्हणजे मराठीवरून पुन्हा इंग्रजी, करून घ्या, दहा-बारा जणांवर आधी चालवून बघा. परदेशी पदार्थांबद्दलची वाक्यंही तिथल्या हिशोबाची आहेत. आपल्याकडे ‘परकं’ म्हणजे नूडल्स नव्हे, शेजारच्या घरातलं मांस.

---

लेबलवाचक

माणसं जमवण्याबद्दल. फलकावर ‘चला, किडे खाऊ या’ असं लिहिलंत तर वसतिगृहातली पैज लावणारी पोरं येतील आणि ९० टक्के होकार मिळेल. ‘नव्या भाजणीची चाचणी’ एवढंच लिहा, पूड काय आहे ते दाराशी संमतिपत्रात सांगा. आणि दाराशीच जे परत फिरले ते मोजा. समजा १५० आले आणि ९६ बसले. त्या ५४ जणांची नोंद न ठेवता आवडीची सरासरी छापणारे प्रबंध पैशाला पासरी आहेत. परत फिरताना एकच प्रश्न: वरच्या पाच कारणांपैकी कोणतं?

विकत घेणं हवेतलं आहे हे वर म्हटलं, पण निवड खरी करता येते. शेवटी दोन पाकिटं ठेवा, साधी भाजणी आणि १० टक्क्यांची, वजन सारखं, एक फुकट घरी न्यायचं. टेबलाजवळ कुणी उभं राहू नका. कागदावरचं ‘घरी आणीन’ आणि हातात आलेलं पाकीट यांची गाठ घाला. नैतिकता समितीला हे आधी दाखवा, आणि पाकिटावर ॲलर्जीचा इशारा मोठ्या अक्षरात, कारण घरी कोण खाणार हे तुमच्या हातात नाही.

---

पाटा_वरवंटा

एक राहिलं. कुणी उत्साहाने शेतातले नाकतोडे पकडून पूड करायचं सुचवेल. नको. फवारणी झालेल्या शेतातला किडा म्हणजे औषधाचा डोस. २०२० च्या मे महिन्यात टोळधाड अमरावती, वर्ध्याकडे आली तेव्हा ‘पकडा आणि तळा’ असे संदेश फिरत होते, आणि त्याच टोळांवर कीटकनाशक मारणं चालू होतं. शिवाय नाकतोड्याच्या मागच्या पायांना काटे असतात, ते न काढता सबंध खाल्ले तर आतड्यात अडकतात.

---

शंकेखोर

लाख चालते, मध चालतो, रातकिडा मात्र मांसाहारी. हे कसं?

---

लेबलवाचक

नियमच तसा आहे. मध, मेण आणि शेलॅक म्हणजे लाखेचा लेप हे मांसाहाराच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकी अनेकदा त्या लाखेच्या किड्याची असते आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो. रातकिड्याच्या पुडीला तपकिरी त्रिकोण, म्हणजे मांसाहाराची खूण, लागणार. शाकाहारी भाजणीच्या पाकिटावर तो त्रिकोण आला की कीटकाचं नाव वाचायच्या आधीच अर्धा महाराष्ट्र ते खाली ठेवतो. जमलं तर पाटीवाल्या गटाला त्रिकोणही दाखवा, खरी परिस्थिती तीच आहे.

---

तिसरी_चाळण

शेवटची शंका. पाटीवर ‘रातकिड्याची पूड’ लिहू की ‘क्रिकेट पूड’? परदेशी पाकिटांवर त्याचं इंग्रजी नाव, क्रिकेट, असतं.

---

जवळा_सुका

महाराष्ट्रात ‘क्रिकेट प्रोटीन’ लिहिलंत तर व्यायामशाळेतली पोरं फलंदाजीसाठी म्हणून डबे उचलतील. होकार शंभर टक्के.

---

मोजूनमापून

आणि तो होकार निरुपयोगी. रातकिडाच लिहा. संमतिपत्र वाचायला देऊन थांबू नका, प्रत्येकाला ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवा, कारण ‘नव्या भाजणीची चाचणी’ वाचून आलेला माणूस बारीक अक्षर वाचत नाही. क्रिकेट विरुद्ध रातकिडा ही तुलना हवीच असेल तर खाऊ न घालता फक्त दोन छापील पाकिटांची चित्रं दाखवून वेगळ्या साठ जणांवर करा. त्यातही शेवटी विचारा: ‘या पाकिटात काय आहे असं तुम्हाला वाटलं?’

---

तिसरी_चाळण

ठीक. जवळ्याचा नमुना यात बसवला तर क्रम सहाचे चोवीस होतात. ९६ ला चोवीसने भाग जातो, पण गट दोन आहेत, म्हणजे गटामागे एकेक क्रम दोनदाच.

---

मोजूनमापून

चोवीसही क्रम लागत नाहीत. चार नमुन्यांना चारच क्रम पुरतात, असे निवडा की प्रत्येक नमुना प्रत्येक जागी एकदा येतो आणि प्रत्येकाच्या लगेच आधी दुसरा प्रत्येक एकदाच येतो:

अ आ ई इ
आ इ अ ई
इ ई आ अ
ई अ इ आ

गटात ४८ माणसं, एकेक क्रम बारा वेळा. संमतिपत्राच्या वाक्यात जवळ्याचं नाव घालायला विसरू नका. थालीपिठं मात्र आता एकशेवीस थापायची आहेत, दोन तवे पुरणार नाहीत.